ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची कविता कशी वाचावी: सुरुवात खिडकीपासून

आमच्या वाचनगटात एकदा मी घोडचूक केली. ग्वेंडोलिन ब्रुक्स या अमेरिकी कवयित्री वाचायच्या ठरल्या आणि मी सरळ 'अ‍ॅनी अ‍ॅलन' हा संग्रह समोर ठेवला. कारण काय, तर त्याला १९५० साली पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं होतं आणि कुठल्याही प्रकारात पुलित्झर मिळवणाऱ्या ब्रुक्स या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. पुढच्या आठवड्यात नऊ जणांपैकी तिघं आले. त्यातल्या एकीने विचारलं, "बाईंना नक्की म्हणायचंय काय?" दोष बाईंचा नव्हता, पुरस्कार बघून पुस्तक निवडणाऱ्याचा होता.

पुढे क्रम बदलून बघितला आणि गट टिकला. तोच क्रम इथे देतो आहे. इंग्रजी कवितेची सवय नसलेल्यांनाही तो झेपतो. हातात पेन्सिल असू द्या आणि घरात मोठ्याने वाचायला लाज वाटणार नाही असा एखादा कोपरा शोधून ठेवा.

पायरी १: आधी ती खोली डोळ्यांसमोर आणा

कवितेच्या आधी एक घर समजून घ्यावं लागतं. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या शहरांकडे निघाली. शिकागोत आलेल्यांना राहायला मिळाला तो मुख्यतः साउथ साइडचा एक पट्टा. बाकीच्या वस्त्यांमध्ये खरेदीखतातच अट असायची की ही मालमत्ता काळ्या माणसाला विकायची नाही की भाड्याने द्यायची नाही. वस्ती फुगत गेली, जागा तेवढीच राहिली. मग घरमालकांनी मोठमोठ्या सदनिकांचे तुकडे पाडले. एकेका खोलीत एकेक कुटुंब, कोपऱ्यात शेगडी आणि संडास-न्हाणीघर मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून एक. या खोल्यांना म्हणायचे 'किचनेट', आणि या वस्तीचं नाव ब्राँझव्हिल. चाळीत वाढलेल्या वाचकाला आणखी समजावून सांगायची गरज नाही. बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांना तर अजिबातच नाही.

ब्रुक्सबाई लग्नानंतर अशाच घरात राहिल्या. त्यांनी पुढे लिहून ठेवलंय की कविता हवी असेल तर खिडकीतून बाहेर बघितलं की काम झालं. घर दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यावरचं. एका बाजूने बघा, मग दुसऱ्या बाजूने बघा, कच्चा माल खाली रस्त्यावर चालतच असायचा. एवढं कळलं की त्यांच्या कवितेची अर्धी किल्ली हातात आली.

पायरी २: चरित्र वाचा, पण पोटापुरतं

जन्म ७ जून १९१७, कॅन्ससमधल्या टोपीका गावी. दीडेक महिन्याची मुलगी घेऊन आईवडील शिकागोला आले आणि मग उभा जन्म तिथेच गेला. वडील डेव्हिड यांना डॉक्टर व्हायचं होतं, झाले एका संगीत प्रकाशन कंपनीत सफाई कामगार. आई केझाया शिक्षिका होती. पोरगी ओळी जुळवते आहे हे दिसल्यावर आईने भविष्य सांगून टाकलं की ही बायकांमधली पॉल लॉरेन्स डन्बर होणार. डन्बर हे त्या घरात मोठ्याने वाचले जाणारे कृष्णवर्णीय कवी. मुलीला घरकामातून सूट मिळाली आणि लिहायला टेबल मिळालं. गरीब घरात ही सूट म्हणजे काय, हे ज्यांना मिळाली नाही त्यांना विचारावं.

तेराव्या वर्षी पहिली कविता एका बालमासिकात छापून आली. सोळाव्या वर्षापर्यंत सत्तरएक कविता प्रसिद्ध झाल्या होत्या. आई तिला घेऊन चर्चमध्ये लँगस्टन ह्यूज या नामवंत कृष्णवर्णीय कवीला भेटायला गेली. त्यांनी तिथल्या तिथे कविता वाचल्या आणि लिहीत राहा म्हणाले. जेम्स वेल्डन जॉन्सन या दुसऱ्या कृष्णवर्णीय कवीने पत्रातून सल्ला दिला की आधुनिक कवी वाच. तिने एलियट, पाउंड, कमिंग्ज वाचून काढले. पुढची बाईंची कविता या दोन सल्ल्यांच्या मधोमध उभी आहे. कानात ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची दर्दभरी गाणी, आणि चर्चचं प्रवचन; हातात सुनीताचं (सॉनेटचं) आणि मुक्तछंदाचं कसब.

तीन शाळा, मग एक ज्युनिअर कॉलेज, १९३६ मध्ये शिक्षण संपलं. विद्यापीठाची पदवी नाही. मिळेल ते काम केलं. त्यातलं एक काम लक्षात ठेवा: 'मेक्का' नावाच्या पडक्या, प्रचंड इमारतीत एका बुवाकडची नोकरी. हा बुवा ताईत आणि प्रेम जुळवायच्या बाटल्या विकायचा. चारेक महिन्यांत ती सुटली, पण ती इमारत काही बाईंच्या डोक्यातून गेली नाही. आठव्या पायरीवर ती पुन्हा भेटेल.

१९३९ साली हेन्री ब्लेकली यांच्याशी लग्न झालं. तेही लिहिणारे होते. १९४१ मध्ये साउथ साइडच्या कलाकेंद्रात इनेझ कनिंगहॅम स्टार्क या श्रीमंत गोऱ्या बाईने कविता-कार्यशाळा घेतली. तिथे एकमेकांच्या ओळी निर्दयपणे तपासल्या जायच्या. ब्रुक्सबाईंच्या कवितेत एकही शब्द सैल नसतो, त्यामागे ही तालीम आहे.

इथे थांबा. उरलेलं चरित्र कवितांच्या आड आपोआप कळत जाईल.

पायरी ३: 'अ स्ट्रीट इन ब्राँझव्हिल' मधल्या चार कविता

हा पहिला संग्रह, १९४५ चा. सगळा वाचायची घाई नको. पहिली 'किचनेट बिल्डिंग'. तेरा ओळी. स्वप्न नावाच्या गोष्टीला या घरात शिरता येईल का, हा प्रश्न. कांद्याच्या वाफा, तळलेले बटाटे आणि जिन्यात सडणारा कालचा कचरा यांच्यातून ते वर कसं येणार? विचार सुरू होतो न होतो तोच पाच नंबरवाला न्हाणीघरातून बाहेर पडतो, आणि सगळं लक्ष कोमट पाण्याकडे. पाणी संपायच्या आत नंबर लागला पाहिजे. कवितेत दारिद्र्याबद्दल एक शब्द नाही. पेन्सिलने फक्त वास अधोरेखित करा. बाई विचारापर्यंत कशा पोचतात ते त्यातून दिसेल.

दुसरी 'द मदर'. गर्भपात केलेल्या बाईचं स्वगत. हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलं तेव्हा कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी त्याची भरभरून शिफारस केली. आक्षेप फक्त याच कवितेवर घेतला. हा विषय कवितेचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी कविता ठेवली. वाचताना एक गोष्ट बघा: सुरुवातीला बोलणारी 'तुला' म्हणते, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे, आणि मग अचानक 'मी' येतं. तिथे पेन्सिलने रेघ मारा.

'सेडी अँड मॉड' आणि 'अ साँग इन द फ्रंट यार्ड' या दोन सोप्या आहेत. बडबडगीतासारखी चाल असल्यामुळे वाचक सैलावतो आणि शेवटी दचकतो. शिकलेली मॉड जुन्या घरात एकटी, 'वाया गेलेली' सेडी मात्र आयुष्य चाखून गेलेली. बाईंनी निकाल दिलेला नाही. आपण द्यायला जातो आणि फसतो.

पायरी ४: 'वी रिअल कूल' मोठ्याने वाचा, मग बाईंच्या आवाजात ऐका

बहुतेकांना ब्रुक्स माहीत असतात त्या या एका कवितेमुळे. चोवीस शब्द, सगळे एका अक्षरी उच्चाराचे. शाळेच्या वेळेत पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळणारी सात पोरं, अड्ड्याचं नाव 'गोल्डन शॉवेल', म्हणजे सोन्याचं फावडं. (फावड्याने काय काय खणतात, हे मनात येऊ द्या.) बाई एका दुपारी अशा अड्ड्यावरून जात होत्या. ही मुलं शाळेत का नाहीत, असं विचारण्याऐवजी त्यांनी स्वतःला विचारलं की या मुलांना स्वतःबद्दल काय वाटत असेल?

आधी तुम्ही वाचा. बहुतेक जण टाळ्यांच्या ठेक्यावर, टपोरी थाटात वाचतात. मीही तसंच वाचायचो. मग बाईंचं ध्वनिमुद्रण ऐका, इंटरनेटवर सहज सापडतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'वी' हा शब्द लटकत ठेवलेला आहे, आणि बाई तो जवळजवळ कुजबुजतात. त्यांचं स्पष्टीकरण असं की ही पोरं 'आम्ही आहोत' असं म्हणतात खरी, पण त्यांची त्यांनाच खात्री नाही. म्हणून आवाज खाली. शेवटच्या ओळीत तर 'वी' उरतच नाही. दोन शब्द, आणि पोरं गेली.

आता गंमत म्हणून ही मराठीत आणून बघा. लगेच दोन भिंती लागतात. पहिली, 'वी' म्हणजे 'आम्ही' की 'आपण'? 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तोही टोळीत ओढला जातो. शिवाय नाक्यावरचं पोरगं 'आपण नाय घाबरत' म्हणतं तेव्हा त्या 'आपण'चा अर्थ 'मी' असतो, तो तिसराच प्रकार. दुसरी भिंत, मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि कर्ता गाळला तरी चालतो. इंग्रजीत जो शब्द ओळीच्या कड्यावर लोंबकळतो आहे, तो आपल्याकडे सहज नाहीसा होतो. गटात आठ भाषांतरं झाली, एकही जमलं नाही. पण त्या खटपटीत मूळ कवितेचा प्रत्येक खिळा कुठे ठोकला आहे ते कळलं. तुमचंही जमणार नाही, तरी करा.

पायरी ५: एमेट टिलच्या दोन कविता, एका बैठकीत

या पायरीला घाई करू नका. ऑगस्ट १९५५. शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल सुट्टीत मिसिसिपीला नातेवाइकांकडे गेला. दुकानातल्या गोऱ्या बाईशी गैर वागल्याचा आरोप ठेवून तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या सावत्र भावाने त्याला रात्री उचललं, मारलं आणि नदीत टाकलं. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने दोघांना निर्दोष सोडलं. पुढे दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला कबुली दिली. एमेटची आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवली. लोकांनी बघावं, म्हणाली. मुलगा ब्रुक्सबाईंच्याच शहरातला, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा जवळपास त्याच वयाचा.

'द बीन ईटर्स' (१९६०) या संग्रहात यावर दोन कविता लागोपाठ आहेत. पहिलीचं नावच लांबलचक आहे: ब्राँझव्हिलची एक आई मिसिसिपीत रेंगाळते, आणि तेव्हा मिसिसिपीतली एक आई बेकन (न्याहारीला तळतात ते डुकराच्या मांसाचे काप) करपवते. आपण धरून चालतो की कवयित्री एमेटच्या आईच्या बाजूने बोलेल. बाई शिरतात त्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात. तिला शाळेत ऐकलेले पोवाडे आठवतात: गोरी राजकन्या, काळा राक्षस, घोड्यावरचा राजपुत्र. आपण ती राजकन्या, असं तिला वाटायला हवं. पण हिशेब जुळत नाही, कारण राक्षस चौदा वर्षांचा निघाला. त्याचे दुधाचे दात पडून किती दिवस झाले असतील? समोर नवरा न्याहारीला बसलेला, आणि त्याच्या हातांकडे तिची नजर पुन्हापुन्हा जाते. खुनाचं वर्णन कवितेत नाही. करपलेलं बेकन आहे, पोरांची भांडणं आहेत, आणि त्या हाताचा स्पर्श झाला की शहारणारी बायको आहे.

दुसरी कविता, 'द लास्ट क्वाट्रेन', इनमीन आठ-दहा ओळींची. आता एमेटची आई. लाल खोली, काळी कॉफी. बस्स. पहिलीचा पोवाडा तिथे येऊन संपतो. दोन्ही वाचून झाल्यावर आमच्या गटात कुणी चर्चा सुरू केली नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

त्याच पुस्तकातली शीर्षककविताही याच सुमारास वाचा. भाड्याच्या मागच्या खोलीत घेवडा खाऊन राहणारं म्हातारं जोडपं. तुम्हाला एवढ्यात रडू येणार नाही, चार दिवसांनी डाळ शिजवताना येईल.

पायरी ६: कवितेचा कंटाळा आला तर 'मॉड मार्था'

१९५३ ची ही छोटी कादंबरी, प्रौढांसाठी बाईंनी लिहिलेली एकमेव. चौतीस छोटी प्रकरणं, काही दोन-तीन पानांची. साधी सावळी मुलगी, साधं लग्न, साधं किचनेट. उजळ कातडीची किंमत कृष्णवर्णीय समाजाच्या आतही कशी होते, हे त्यात फार बोचरं आलं आहे. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द वाचत मोठ्या झालेल्यांना वेगळी टीप द्यायला नको.

पायरी ७: आता 'अ‍ॅनी अ‍ॅलन'

मी जिथून सुरुवात केली होती ते पुस्तक आता उघडा. मधलं दीर्घकाव्य 'द अ‍ॅनिअ‍ॅड' अवघड आहेच, आणि मुद्दाम आहे. 'इलियड'सारखं नाव घेऊन, सात-सात ओळींच्या घट्ट कडव्यांत एका गरीब काळ्या मुलीची प्रेमकथा सांगायची, हीच त्यातली खोडी. पहिल्या वाचनात निम्मं कळलं तरी पुरे. त्यापेक्षा प्रियकर युद्धावर गेलेल्या मुलीचं 'सॉनेट-बॅलड' आधी वाचा, ते सरळ आत जातं.

पुलित्झरची बातमी आली तेव्हा घरात वीज नव्हती, बिल थकलं होतं. दुसऱ्या दिवशी छायाचित्रकार आले आणि दिव्यांच्या वायरी भिंतीत खुपसू लागले, तेव्हा बाईंचा जीव टांगणीला. पण दिवे लागले. तोवर कुणीतरी वीज परत आणली होती.

पायरी ८: १९६७ चं वळण, पण दोन तुकडे करू नका

पुस्तकांत असं लिहिलेलं असतं की १९६७ पूर्वीच्या ब्रुक्स वेगळ्या आणि नंतरच्या वेगळ्या. त्या वर्षी फिस्क विद्यापीठात कृष्णवर्णीय लेखकांचं संमेलन झालं. आदल्या मुक्कामी, साउथ डकोटात, गोऱ्या श्रोत्यांनी बाईंवर प्रेम केलं होतं. इथे तरुण मंडळींनी थंड आदर दिला. पन्नाशीतल्या, पुलित्झर मिळालेल्या बाईंनी रुसून बसायचं सोडून स्वतःला त्या पोरांची विद्यार्थिनी करून घेतलं. शिकागोत परतून 'ब्लॅकस्टोन रेंजर्स' या टोळीतल्या मुलांसाठी कार्यशाळा घेतली. डॉन ली, म्हणजे पुढचे हाकी मधुबुती, यांच्यासारखे तरुण कवी त्यांच्या घरी येऊ लागले. मग त्यांनी 'रायट' (१९६९) हे पुस्तक डेट्रॉइटच्या डडली रँडल यांच्या चिमुकल्या ब्रॉडसाइड प्रेसला दिलं आणि पुढे हार्पर ही बडी प्रकाशनसंस्था सोडली. प्रतिष्ठा आणि पैसा सोडून आपल्या माणसांच्या छापखान्यात जाणं हे कवितेइतकंच मोठं विधान होतं.

वळण खरं आहे. पण 'वळणाआधी बाई सौम्य होत्या' हे मला पटत नाही. करपलेलं बेकन सौम्य आहे? राग आधीपासून होता, पुढे बदललं ते हे की आपण कुणाशी बोलतो आहोत. स्वतःसाठी 'ब्लॅक' हाच शब्द त्यांना शेवटपर्यंत हवा होता, त्याहून सभ्य मानले जाणारे पर्याय त्यांना आवडले नाहीत.

या पायरीवर वाचायचं दीर्घकाव्य 'इन द मेक्का' (१९६८). तीच बुवावाली इमारत. १८९० च्या दशकात श्रीमंतांसाठी बांधलेली, नंतर शेकडो गरीब कुटुंबांनी कोंबलेली, आणि १९५२ मध्ये पाडलेली. त्या जागी मीस व्हान डेर रोह या वास्तुविशारदाचा काचेचा क्राउन हॉल उभा राहिला. वास्तुकलेचे विद्यार्थी तो बघायला जगभरातून जातात. कवितेत सॅली स्मिथ कामावरून घरी येते, पोरं मोजते आणि पेपिटा सापडत नाही. आई दारोदार विचारत फिरते, आणि प्रत्येक दारामागचा माणूस आपलंच काहीतरी सांगत बसतो. शेजाऱ्यांच्या नावांची एक यादी करत वाचा, नाहीतर हरवाल. शेवट मी सांगत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे ओळखीचं काही लागेल. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी कृष्णवर्णीय साहित्याची ओळख मराठीत करून दिली. जनार्दन वाघमारे यांनीही त्यावर मराठीत लिहिलं. ब्रुक्सबाईंचा थेट प्रभाव मराठी कवितेवर शोधायला मात्र जाऊ नका. दोन विहिरींना एकच झरा, एवढं पुरे.

पायरी ९: त्यांच्या मागून कोण आलं ते बघा

१९६८ मध्ये कार्ल सँडबर्ग यांच्यानंतर बाई इलिनॉय राज्याच्या राजकवी झाल्या आणि ३ डिसेंबर २००० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी वारल्या तोवर राहिल्या. १९८५-८६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या काव्य-सल्लागार झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. या पदांचं त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं. शाळा, तुरुंग, दवाखाने इथे जाऊन कविता वाचल्या आणि पोरांच्या काव्यस्पर्धांना पदरचे पैसे बक्षीस म्हणून दिले. सोनिया सँचेझ, निकी जोव्हानी, एलिझाबेथ अलेक्झांडर या कवयित्रींची नावं नोंदवून ठेवा. अलेक्झांडर यांनी संपादित केलेली निवडक ब्रुक्स नवख्यांना सगळ्यात सोयीची. आख्खं हवं असेल तर 'ब्लॅक्स' हा जाडजूड संच. पैसे खर्च करण्याआधी पोएट्री फाउंडेशनच्या संकेतस्थळावर बऱ्याच कविता फुकट वाचून घ्या.

आणि एक खेळ. टेरन्स हेज या कवीने ब्रुक्सबाईंना सलाम म्हणून एक नवा काव्यप्रकार काढला, नाव 'गोल्डन शॉवेल'. कुणाची तरी एक ओळ घ्यायची आणि तिचा एकेक शब्द आपल्या एकेका ओळीच्या शेवटी ठेवायचा. उजव्या काठाने वरून खाली वाचलं की मूळ ओळ दिसली पाहिजे. आज जगभर शाळांमधून हा प्रकार लिहून घेतात.

मराठीत तो इंग्रजीपेक्षा बरा जमतो असं माझं मत, कारण आपली क्रियापदं आपणहून काठावर येऊन बसतात. गटात आम्ही कवींच्या ओळी घेतल्या नाहीत, म्हणी घेतल्या. 'नाचता येईना अंगण वाकडे' वरून एकीने हे लिहिलं:

पोटऱ्यांत गोळे आले खोलीतल्या खोलीत नाचता नाचता,
पलीकडचं ऊन उंबरा ओलांडून काही आत येईना,
दहा बाय दहाच्या घराला कुठून यायचं अंगण,
आणि शेजारी म्हणतात, पोरीचं पाऊलच वाकडे.

पहिल्या आठवड्यात "बाईंना नक्की म्हणायचंय काय?" असं विचारणारी हीच.